एकच ३५, दोन वह्यांत

चौथीतली एक मुलगी ५२ मधून २७ वजा करते आहे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक सुटा करायचा आणि दोनाचे बारा करायचे, ही रीत तिला तोंडपाठ आहे. मात्र बारातून सात काढण्यासाठी ती बोटे मोजू लागते आणि मोजणी संपेपर्यंत, दशकाच्या घरातल्या पाचाचे आता चार झाले आहेत, हे तिच्या मनातून निसटते. उत्तर येते ३५. शेजारच्या मुलाच्या वहीतही ३५ च आहे; त्याने दशक सुटा केलेलाच नाही, मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा म्हणून सातातून दोन वजा केले आहेत. २७ हे ५२ च्या निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे उरणारे पंचविसाच्या आसपास असणार, असा कोणताही अंदाज त्याच्या मनात उमटत नाही. दोन्ही वह्यांवर सारखीच लाल फुली पडते. मला ही फुली अन्यायाची वाटते, कारण तिच्यामागची कारणे निराळी आहेत.

त्या मुलाची अडचण संख्येच्या जाणिवेचीच असू शकते. स्लोव्हाक मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनी १९७४ साली डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे गणन-अक्षमतेची, व्याख्या मांडताना एक गोष्ट स्पष्ट केली होती : या मुलांची एकंदर बुद्धी शाबूत असते, अडचण असते ती गणिती क्षमतेपुरती. साधारणपणे शंभरांतील तीन ते सात मुलांना हा त्रास असतो, असे मानले जाते. समोर तीन चिंचोके ठेवले तर बहुतेकांना ते न मोजता कळतात. या मुलांपैकी अनेकांना तेही मोजावे लागतात, आणि ७ व ९ यांत मोठा अंक कोणता हे सांगायलाही वेळ लागतो. संख्येचे लहानमोठेपण जाणण्यात मेंदूच्या पार्श्विक खंडातील एका खाचेभोवतीचा भाग विशेष गुंतलेला असतो, आणि गणन-अक्षमता असलेल्या मुलांमध्ये त्याचे कार्य वेगळे आढळले आहे.

पहिल्या मुलीची अडचण मात्र कार्यस्मृतीची असू शकते. माहितीवर काम चालू असताना ती तेवढ्यापुरती धरून ठेवणारी ही स्मृती. तिचे आज सर्वाधिक वापरले जाणारे प्रारूप ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी मांडले, तेही १९७४ सालीच. त्यात ऐकलेले शब्द घोळवणारा एक भाग आहे, आकार व जागा ध्यानात ठेवणारा दुसरा, आणि लक्ष कुठे द्यायचे हे ठरवणारा तिसरा. उभ्या मांडणीच्या वजाबाकीत तिन्ही एकदम राबतात. सहा साते आठवताना शेजारचे छत्तीस आणि अठ्ठेचाळीस मनात डोकावतात, त्यांना मागे सारणे हेही कार्यस्मृतीचेच काम असते. त्यातच फळ्यासमोर उभे राहण्याची भीती जमली, की ती भीतीच या स्मृतीतली जागा अडवते.

सोलापुरात निदान करताना आणखी एक गाठ सोडवावी लागते. पूर्व भागातल्या विणकर घरांत मूल ५२ ला तेलुगूत ‘याभै रेंडु’ म्हणते, कन्नड घरात ‘ऐवत्तेरडु’. दोन्हींत आधी पन्नास आणि मग दोन. शाळेत त्याला ‘बावन्न’ भेटते, ज्यात आधी दोन येतात आणि पन्नास ओळखूही येत नाही. ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिणारे मूल कानांनी साठ ऐकते, इतकेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील ‘वीस एक’ या वाचनावरून बराच वाद झाला, पण त्यामागची अडचण खरी होती. म्हणून तपासणी मुलाच्या घरच्या भाषेतही झाली पाहिजे. तिथे ते सहज हिशेब करत असेल, तर दोष संख्यानामांच्या ओझ्याचा आहे.

उपायही त्याप्रमाणे बदलतात. संख्येची जाणीव कच्ची असेल तर मणी, संख्यारेषा आणि अंदाजाचे खेळ दीर्घकाळ खेळावे लागतात. कार्यस्मृती थकत असेल तर चौकटींची वही द्यावी, सुटा केलेला दशक लगेच लिहून ठेवायला लावावा, पाढ्यांचा तक्ता समोर असू द्यावा. स्मृती वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या संगणकीय खेळांनी मुले त्या खेळांत तरबेज होतात. गणितात त्याचा लाभ फारसा उतरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये गणन-अक्षमतेचा नावानिशी उल्लेख आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेतील सवलती मागता येतात. त्याआधी, फुली मारण्यापूर्वी, शिक्षकाने विचारावे : ‘हे कसं केलंस, मला मोठ्याने सांग बरं.’ एक मूल दशकापाशी अडखळेल, दुसरे न अडखळता चुकीची रीत सांगेल.