अंतराळात गुरुत्वाकर्षण असतं, आणि भरपूर असतं

"वर गुरुत्वाकर्षण संपतं, म्हणून अंतराळवीर तरंगतात." हे वाक्य मी शाळेत ऐकलं, आज मुलांच्या तोंडीही तेच ऐकते. ते साफ चूक आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून जेमतेम ४०० किलोमीटर वर फिरतं. पृथ्वीची त्रिज्याच सुमारे ६,३७१ किलोमीटर, त्यापुढे हे अंतर ते काय! तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. ती नसती तर स्थानक सरळ रेषेत कायमचं निघून गेलं असतं.

मग तरंगणं कसलं? ते खरं तर पडणं आहे. स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढे जातं आणि सतत खाली पडतं. पण पृथ्वी गोल असल्यामुळे जमीनही तेवढीच खाली वळत जाते. आतली माणसं स्थानकासोबतच पडतात, म्हणून पायाखाली दाब लागत नाही.

घरी करून पाहा. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा, पाणी भरा, झाकण काढा. धार लागते. आता खाली कुणी नाही याची खात्री करून बाटली गच्चीवरून सोडा. पडता पडता धार थांबते, कारण पाणीही बाटलीसोबतच पडत असतं.