तोफांची दोरबांधणी (जहाजाच्या लाकडी प्रतिकृतीवरील)

शिडाच्या जहाजाच्या लाकडी प्रतिकृतीवरील छोट्या तोफांना मूळ जहाजाप्रमाणे दोर, कप्प्या आणि कड्या लावण्याचे काम. प्रतिकृती बांधणाऱ्या हौशी लोकांत हे काम कंटाळवाणे समजले जाते, कारण एकच कृती प्रत्येक तोफेसाठी पुन्हा करावी लागते. पाहणाऱ्याची नजर मात्र डोलकाठ्यांवरून उतरली की आधी तोफांवरच जाते.

अठराव्या शतकातील युद्धनौकेवर तोफ चार छोट्या चाकांच्या लाकडी गाड्यावर बसवलेली असे. ब्रिटिश आरमाराच्या ‘व्हिक्टरी’ या जहाजावर (जलावतरण १७६५) सर्वांत खालच्या तोफमजल्यावर ३२ पौंड वजनाचा गोळा फेकणाऱ्या तोफा होत्या. अशा तोफेची नुसती नळीच अडीच टनांहून जड. बार उडताच ती गाड्यासकट मागे उसळे. तिला आवरणारा जाड दोर म्हणजे ब्रीचिंग. तो नळीच्या मागच्या टोकावरील गोल मुठीला अडकवून त्याची दोन्ही टोके जहाजाच्या भिंतीतील कड्यांना बांधत. तोफेचे तोंड खिडकीतून आत येऊन ती पुन्हा भरता येईल, एवढी मोकळीक त्याला ठेवलेली असे. त्याची लांबी नळीच्या सुमारे तिप्पट धरत. तोफ भरून झाली की गाड्याच्या दोन बाजूंच्या कप्प्यांचे दोर ओढून तिचे तोंड खिडकीबाहेर काढत. जहाज हेलकावे खात असताना तोफ आपोआप पुढे घसरू नये म्हणून तिसरी कप्पी मागे, डेकमधील कडीला लावत.

कोणता दोर कशासाठी, हे एकदा कळले की प्रतिकृतीतली सर्वांत मोठी चूक टळते. तोंड बाहेर काढलेल्या तोफेचे ब्रीचिंग सैल असते. ते दोन्ही बाजूंना डेकवर झोल खाऊन पडते. पुष्कळ प्रतिकृतींत ते ताणून बांधलेले दिसते. खरी तोफ तशी बांधली असती, तर पहिल्याच बाराला भिंतीतल्या कड्या उपटून आल्या असत्या. हलका दोरा आपल्या वजनाने झोल घेत नाही, म्हणून त्याला पाणी घातलेला पांढरा फेव्हिकॉल लावून, चिमट्याने वळण देऊन वाळेपर्यंत दाबून ठेवावे लागते.

दोऱ्याची जाडी हिशेबाने ठरते. ३२ पौंडी तोफेच्या ब्रीचिंगचा परिघ सुमारे ७ इंच होता. जुन्या नाविक कोष्टकांत दोर परिघाने मोजतात, व्यासाने नव्हे, आणि इथे नवखा हमखास फसतो. ७ इंच परिघ म्हणजे साधारण ५७ मिलिमीटर व्यास. १:६४ प्रमाणात तो जेमतेम ०.९ मिलिमीटर होतो. बाजूच्या कप्प्यांचा दोरा याच्या निम्म्याहूनही बारीक, आणि कप्पी सुमारे ३ मिलिमीटरची. तयार किटमध्ये अनेकदा याहून मोठ्या कप्प्या येतात. त्या वापरल्या, तर तोफेपेक्षा कप्पीच डोळ्यांत भरते. त्या फेकून देणे बरे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागाला समुद्र नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा. तरी जहाज आणि तोफ इथल्या मराठी घरांना परकी नाहीत. दिवाळीत बेळगावच्या गल्लीबोळांत मुले मातीचे किल्ले करतात. एखाद्याने सिंधुदुर्ग केला, तर भोवती पाणी आणि त्यात गलबत आलेच. त्यावर तोफ म्हणून संपलेल्या पेनच्या रिफिलचा तुकडा चालून जातो. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीतही किल्ले, तोफा, गलबते असे देखावे उभे राहतात. हे काम लांबून पाहण्याचे, म्हणून तिथे दोर कुणी मोजत नाही.

बारीक प्रतिकृतीला लागणारे बरेचसे सामान मात्र याच पट्ट्यात मिळते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या आणि लेथची वर्कशॉप आहेत. पितळी सळईतून पावणेदोन इंची निमुळती नळी काढणे हे तिथल्या टर्नरला लहानसे काम. ऑर्डर मराठीत द्यावी, उत्तर कानडीत यावे आणि काम दोघांच्या मनासारखे व्हावे, हा तिथला रोजचा रिवाज. सूत शहापूर-वडगावच्या विणकरांच्या वस्तीत मिळू शकते, पण त्याचा केसाळपणा काढण्यासाठी ते मेणावरून ओढून घ्यावे लागते. पॉलिस्टरचा दोरा सुबक बसतो आणि हवेने फुगत नाही, म्हणून आता बहुतेक जण तोच वापरतात.

गाड्यासाठी लाकूड निवडताना सागवानाचा मोह टाळलेला बरा. सागाची छिद्रे मोठी असतात. सव्वा इंची गाड्यावर ती भोके पडल्यासारखी दिसतात. घाटाच्या जंगलात होणारा हेदू (हळदू) पिवळसर आणि घट्ट, बारीक पोताचा असतो. कोरीव कामात तो पूर्वीपासून वापरला जातो आणि गाड्याची टोकदार कड त्यात टिकते. फर्निचरच्या कामातून उरलेला वीतभर तुकडा सगळ्या तोफांना पुरतो.

बांधणीचा क्रम महत्त्वाचा. तोफ डेकवर चिकटवल्यावर तिच्या मागे बोट शिरत नाही. म्हणून गाडा, नळी, ब्रीचिंग आणि बाजूच्या कप्प्यांची गाड्याकडची टोके हे सारे टेबलावर, खाचा पाडलेल्या फळीवर तयार करतात. मग तोफ डेकवर नेतात, कड्या भिंतीतल्या छिद्रांत बसवतात आणि शेवटी कप्प्यांचे दोर घट्ट करतात. खालच्या मजल्याच्या तोफा वरचा डेक झाकण्यापूर्वीच बांधाव्या लागतात. जिथे फक्त तोंड दिसते तिथे अनेक जण पूर्ण गाडा न करता नुसता नळीचा पुढचा भाग बसवतात. त्यात लबाडी काही नाही.

उरलेला दोर डेकवर चकलीसारखा गोल मांडण्याची फॅशन आहे. दिसते छान. पण ही मांडणी बंदरातल्या तपासणीच्या दिवशीची. लढाईच्या तयारीतल्या जहाजावर दोर ओढायला मोकळे हवेत. आपले जहाज बंदरात आहे की समुद्रात, हे आधी ठरवून मगच चकल्या कराव्यात.

मराठा आरमाराचे जहाज करायचे असेल, तर वरचा आराखडा सरसकट उचलू नये. गुराब या मोठ्या लढाऊ जहाजांना नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) बाजूने पुढे मारा करणाऱ्या, आडव्या फळीतल्या खिडक्यांतून तोंड काढलेल्या दोन ९ किंवा १२ पौंडी तोफा असत. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांवरही चालणारे. त्याच्या काठावरच्या छोट्या तोफा पुष्कळदा फिरत्या खुंटावर बसवलेल्या असत, म्हणून त्यांना ब्रीचिंग लागतच नाही. गलबताच्या काठावरील प्रत्येक तोफेला दोन-दोन कप्प्या लावलेली प्रतिकृती कितीही नेटकी असो, ती चुकीचीच.

बेळगावचा पावसाळा सुती दोऱ्याला मानवत नाही. दमट हवेत तो आखडतो, उन्हाळ्यात पुन्हा सैल पडतो. त्यामुळे ब्रीचिंगचा झोल बिघडतो आणि नाजूक कड्या ओढल्या जातात. प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवावी, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. धूळ झटकताना कपडा वापरू नये, त्यात हुक अडकतात. रंगकामाचा मऊ ब्रश पुरतो.