सैल पडल्याने येणारी ताठरता

शिश्नाला ताठरता येते ती स्नायू आवळल्यामुळे नव्हे, तर ते सैल पडल्यामुळे. हे ऐकायला उलटे वाटते; पण या अवयवाचे विकार समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. शिश्नात स्पंजासारख्या ऊतीचे दोन दंडगोल असतात आणि त्यांतल्या पोकळ्यांभोवतीचे स्नायू एरवी आवळलेले असल्याने रक्त बेतानेच आत येते. उत्तेजनेच्या वेळी चेतातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्याने पेशींत सीजीएमपी हे रसायन वाढते, स्नायू सैलावतात आणि पोकळ्या रक्ताने भरतात. सायकलच्या टायरमध्ये ट्यूब फुगावी तशी ही ऊती बाहेरच्या चिवट आवरणावर दाबली जाते, मधल्या बारीक शिरा चेपल्या जातात आणि आलेले रक्त अडून राहते. पुढे पीडीई-5 हे विकर (एन्झाइम) सीजीएमपीचे विघटन करते, तशी ताठरता ओसरते.

ताठरता न येण्याच्या तक्रारीवर दिले जाणारे सिल्डेनाफिल हे औषध याच विकराला रोखते. मुळात हृदयशूळासाठी तपासल्या गेलेल्या या औषधाला अमेरिकेत मार्च 1998 मध्ये मान्यता मिळाली. ते इच्छा निर्माण करत नाही. मधुमेहाने चेतातंतूच निकामी झाले असतील, तर त्याचा उपयोग कमी होतो आणि मग इंजेक्शन, निर्वात पंप किंवा कृत्रिम रोपण यांचा विचार करावा लागतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी ज्यांच्या खिशात असते, त्यांनी तर हे औषध घेऊच नये, कारण दोन्हींच्या एकत्रित परिणामाने रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो.

शिश्नाच्या धमन्या जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर रुंद, तर हृदयाच्या 3 ते 4 मिलिमीटर. त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार कित्येकदा आधी इथे दिसतो आणि हृदयविकार काही वर्षांनी उघड होतो. भिंतींवरच्या ‘मर्दानी कमजोरी’च्या जाहिराती वाचून गुपचूप चूर्ण घेणारा माणूस रक्तातली साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासण्याची ही मोलाची संधी गमावतो, याचे फार वाईट वाटते.

याच्या उलट अवस्थाही असते. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी या पोकळ्यांत अडकतात आणि उत्तेजनेविना आलेली, दुखणारी ताठरता उतरतच नाही. 4 तासांहून अधिक वेळ गेला, तर प्राणवायूअभावी आतली ऊती मरू लागते. रुग्ण शाळकरी मुलगा असला, तर तो लाजेपोटी आईवडिलांनाही सांगत नाही. सकाळची वाट न पाहता त्याला रात्रीच रुग्णालयात नेले, तर सुईने साकळलेले रक्त काढून अवयव वाचवता येतो.