काटकसरी आणि चिक्कू एक नव्हेत

"काटकसरी म्हणजे गोड शब्दांत चिक्कू" हे आपल्याकडे इतकं रुळलंय की जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आजीही त्यात ओढली जाते. मुळात हिशेबच वेगळा. पंख्याचंच घ्या. पाहुणे बसलेले असताना पंखा बंद करणारा चिक्कू. त्याची बचत दुसऱ्याच्या घामातून येते. काटकसरी माणूस पंखा लावतो, पण कोणता ते बघतो. छताचा साधा पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा 30च्या आसपास. रोज 10 तास फिरला तर महिन्याला साडेतेरा युनिटांचा फरक. दुकानात मात्र हा दुसरा महाग, म्हणून चिक्कू स्वस्तातला उचलतो आणि वर्षानुवर्षं बिल भरत बसतो. (तोच भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांवरून हुज्जत घालून वर कढीपत्ता फुकट मागतो, ते वेगळंच.)

डाळ आधी भिजत घालणं, शिट्टी झाली की गॅस बारीक करणं ही काटकसर. पाहुण्याच्या चहातलं दूध कमी करणं ही नव्हे. आमच्या आतल्या खोलीतला जुना, डब्यासारखा रेग्युलेटरही आम्ही पैसे घालून बदलला. पंखा हळू केला तरी बरीच वीज त्यातच तापून जायची. हात लावला की कळायचं.