गेटवे आर्च आणि उलटी केलेली साखळी

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी सेंट लुईस शहरात उभी असलेली ‘गेटवे आर्च’ ही पोलादी कमान पाहायला जगभरातून पर्यटक जातात, आणि त्यांतील बरेच जण तिचा आकार अन्वस्ताचा, म्हणजेच पॅराबोलाचा, आहे अशी समजूत करून घेऊन परततात. हवेत फेकलेल्या चेंडूचा मार्ग शाळेत शिकलेला असल्यामुळे ही समजूत होणे स्वाभाविक आहे. मात्र 630 फूट (192 मीटर) उंच आणि पायथ्याशी तेवढीच रुंद असलेली ही कमान वेगळ्या कुळातील आहे. ईरो सारिनेन या वास्तुविशारदाने तिच्यासाठी साखळीचा आधार घेतला.

गळ्यातील साखळीची दोन टोके दोन हातांत धरून ती सैल सोडावी. साखळी वाकण्याला विरोध करत नाही, तिला केवळ ताण सोसता येतो; त्यामुळे प्रत्येक कडीवर शेजारच्या दोन कड्यांची ओढ आणि तिचे स्वतःचे वजन यांचा तोल साधेल असाच आकार ती आपोआप घेते. या आकाराला कॅटेनरी म्हणतात. झुलत्या पुलाच्या मुख्य दोरावर रस्त्याचा भार आडव्या अंतरात समान वाटलेला असतो, म्हणून तेथे जवळपास पॅराबोला मिळतो. साखळीत मात्र वजन तिच्या लांबीवर समान वाटलेले असते, आणि एवढ्या फरकाने वक्र बदलतो. हीच साखळी गोठवून उलटी केली, तर सगळ्या ताणांचे दाब होतात आणि कमान स्वतःच्या वजनाने कोठेही वाकू पाहत नाही. हे तत्त्व इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी सतराव्या शतकात मांडले होते.

सारिनेन यांची कमान मात्र सर्वत्र सारख्या जाडीची नाही. तिचा छेद समभुज त्रिकोणाचा असून त्याची बाजू पायथ्याशी 54 फूट, तर माथ्याशी 17 फूट आहे. म्हणजे येथे ज्या साखळीची कल्पना करायची, तिच्या टोकांकडील कड्या जड आणि मधल्या हलक्या हव्यात. अशी साखळी मध्यभागी किंचित सपाट होते. गणिती भाषेत साधी साखळी आणि ही साखळी, दोन्हींचे वक्र हायपरबोलिक कोसाइन या एकाच फलाचे (फंक्शनचे) आहेत. पण त्या फलाला गुणणारी संख्या आणि त्याच्या आतील सहगुणक यांचा गुणाकार साध्या साखळीत नेमका 1 येतो, तर या कमानीच्या सूत्रात 68.7672 आणि 0.0100333 यांचा गुणाकार सुमारे 0.69 भरतो. कमानीचे सगळे निमुळतेपण या एका संख्येत उतरले आहे, आणि हे सूत्र पाहिल्यावर निदान मला तरी ती अधिकच देखणी वाटू लागली.

ही कमान वादळे शहरावरून दुसरीकडे वळवते, अशीही एक कथा तेथे सांगितली जाते. गडगडाटी ढग कित्येक किलोमीटर उंच आणि रुंद असतो. त्याच्यापुढे 192 मीटरांच्या पोलादाची मातब्बरी ती काय! उलट वाऱ्यापुढे कमानीलाच नमते घ्यावे लागते, कारण साखळीचे गणित फक्त वजनाचे आहे, आडव्या रेट्याचे नाही. म्हणून ताशी 150 मैल वेगाच्या वाऱ्यात माथा 18 इंचांपर्यंत डोलू शकेल, असा हिशेब रचनेतच धरलेला आहे.

सारिनेन 1961 साली वारले, तेव्हा बांधकाम सुरूही झाले नव्हते. दोन्ही पाय स्वतंत्रपणे वर चढवत नेऊन 28 ऑक्टोबर 1965 रोजी शेवटचा तुकडा बसवण्यात आला. उन्हाने दक्षिणेकडचा पाय प्रसरण पावून जुळणी चुकू नये, म्हणून त्यावर अग्निशामक दलाच्या नळ्यांनी पाणी मारावे लागले, आणि दोन टोकांमधील फट जॅक लावून रुंद करावी लागली. पुढे 1967 मध्ये पर्यटकांसाठी आतून वर जाणारी छोटी गाडी सुरू झाली; तिच्या एकेका डब्यात पाच माणसे दाटीवाटीने बसतात. वर पोहोचल्यावर खिडक्या जेमतेम 7 इंच उंच आणि 27 इंच रुंद निघाल्याने पुष्कळांचा विरस होतो. पण या कमानीच्या आत भार पेलणारा वेगळा सांगाडा नाही. तिच्या वजनाचा दाब बाहेरच्या आणि आतल्या पोलादी पत्र्यांमधूनच खाली उतरतो, आणि पत्र्याला पाडलेले प्रत्येक मोठे भोक त्या दाबाची वाट अडवते.