लूप ट्रेक

डोंगरात जिथून निघायचे तिथेच, पण गेल्या वाटेने न फिरता दुसऱ्या वाटेने परतायचे, अशा भ्रमंतीला लूप ट्रेक म्हणतात. ‘वर्तुळाकार वाट’ असेही म्हटले जाते. वर्तुळ मात्र नावापुरते, नकाशावर ती बहुधा चेपलेल्या बांगडीसारखी दिसते. काही वाटा पळीच्या आकाराच्या असतात: खालचा दांडा जाता-येता दोनदा तुडवायचा आणि वेटोळे फक्त वरच्या टप्प्यात. आल्प्समधली तूर द्यू माँ ब्लाँ, म्हणजे माँ ब्लाँ पर्वताभोवतीची वाट, ही लूपची लांबलचक आवृत्ती. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून ती सुमारे १७० किमी फिरते.

लागणाऱ्या वेळेचा एक जुना, अजूनही वापरात असलेला ठोकताळा स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये मांडला: दर ३ मैलांना (सुमारे ५ किमी) एक तास, आणि चढाईच्या दर २,००० फुटांना (सुमारे ६०० मीटर) वर आणखी एक तास. म्हणजे १५ किमी अंतर आणि १,२०० मीटर चढाई असेल तर पाच तास. यात विश्रांती, घसारा (सुट्या दगड-मातीचा उतार) किंवा वाट चुकणे धरलेले नाही, म्हणून या हिशेबावर विसंबणारे अंधारात उतरतात.

लूपची खरी मेख वेगळीच आहे. त्याच वाटेने परतायचे असेल तर कुठूनही मागे वळता येते, आणि परतीचा प्रत्येक दगड ओळखीचा असतो. लूपवर अर्धे अंतर ओलांडले की मागे फिरणे हे पुढे जाण्यापेक्षा लांबचे पडते, आणि पुढची उतरण तर अजून पाहिलेलीही नसते. त्यामुळे मागे फिरायचे की नाही याचा निर्णय अर्ध्या वाटेच्या आत, बहुतेकदा खिंडीखालीच, घ्यावा लागतो.

दिशा कोणती धरायची हा प्रश्नही लूपलाच पडतो. नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिक्रमेत ५,४१६ मीटरवरची थोरांग ला ही खिंड बहुतेक जण मनांगच्या बाजूने चढतात, कारण तिकडे उंची हळूहळू वाढते. मुक्तिनाथकडून निघाले तर सुमारे १,७०० मीटरची चढाई, बहुधा एकाच दिवसात, अंगावर येते. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या मिस्ट ट्रेल या वाटेचे कारण आणखी साधे आहे. ९७ मीटर उंचीच्या व्हर्नल धबधब्याशेजारच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या तुषारांनी निथळत असतात. निसरड्या पायऱ्या चढणे परवडते, उतरणे नाही. म्हणून तिथून वर जाऊन जॉन म्यूर ट्रेलने खाली येण्याची रीत पडली आहे.

धबधबे हिमनद्यांनी कोरलेल्या डोंगरांत खूप भेटतात. मुख्य हिमनदी दरी खोल कापते, उपनदीची दरी वरच लटकत राहते आणि तिचे पाणी कड्यावरून कोसळते. वर जाताना दर १,००० मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. झाडे आधी खुजी होतात, मग संपतात आणि कुरणे सुरू होतात. लूपमध्ये हे पट्टे दोनदा लागतात, पण दुसऱ्यांदा बहुधा निराळ्या तोंडाच्या उतारावर. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेली बाजू उन्हाने कोरडी, तर उत्तरेची बाजू ओली, आणि तिथे बर्फही उशिरापर्यंत टिकून असतो. त्याच उंचीवर जंगल ओळखू येणार नाही इतके बदलते.

बर्फाच्या पाण्यावर वाहणारे ओढे पहाटे सर्वांत उथळ आणि दुपारनंतर फुगलेले असतात. लूपमधला शेवटचा ओढा नेमका त्याच वेळी ओलांडावा लागतो. कुरणात वाटेवर चिखल असला की लोक कडेने चालतात. तिथल्या वनस्पती वर्षातून काही आठवडेच वाढतात, त्यामुळे दोन-चार हंगामांत एका वाटेच्या चार समांतर वाटा होतात. चिखलातूनच, एकामागोमाग एक चालावे.

चढाईने दम लागतो, पण पाय मोडते ती उतरण. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचते. बहुतेकांना ते जिना उतरताना कळते, आणि मग ते उलटे उतरून पाहतात.