काजूचं टरफल ऊन झेलेल का?

मार्च-एप्रिलात खानापूरहून जांबोटीकडे निघालं की रस्त्याकडेच्या काजूंना बोंडं लटकलेली दिसतात. खालची बी पुढे खानापूर, बेळगाव, चंदगडच्या कारखान्यांत जाते. वाफवून, कापून, सोलून 100 किलो बियांमागे गर निघतो 25-30 किलो. उरतं ते बहुतेक टरफल. त्यातलं काही तेल काढायला जातं, काही थेट भट्टीत.

आमच्या गल्लीतल्या एक काकू काजू कापायला जायच्या. एरंडेल आणि राख चोळून बसल्या तरी संध्याकाळी अंगठ्याचं आणि शेजारच्या बोटाचं टोक काळं पडलेलं, कातडं सुटलेलं. भाकरी थापताना पिठातलं चिमूटभर मीठही त्यांना झोंबायचं. "बिबा उतल्यागत होतंय बघ," म्हणायच्या.

काकूंचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. बिबा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. काजूच्या टरफलातल्या तेलाचा मोठा भाग म्हणजे अ‍ॅनाकार्डिक आम्ल. त्याच्या रेणूला कार्बनच्या सहा अणूंचं एक कडं असतं आणि त्या कड्याला पंधरा कार्बनची लांब, तेलकट शेपटी. ती शेपटी कातडीत सहज शिरते, म्हणून भाजतं.

याच रेणूच्या कड्याकडे मात्र नीट बघायला हवं. कड्यावर शेजारी शेजारी दोन गट बसलेले असतात: एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, दुसरा आम्लाचा गट. सॅलिसिलिक आम्लाची ठेवण हीच, आणि बाजारातल्या काही सनस्क्रीनमधली ऑक्टिसॅलेट, होमोसॅलेट ही द्रव्यं त्याच घराण्यातली. अतिनील किरण आदळला की हायड्रोजन आपली जागा सोडून शेजारच्या ऑक्सिजनकडे उडी मारतो आणि क्षणार्धात परत येतो. या जाण्या-येण्यात किरणाची ताकद उष्णतेत विरते आणि रेणू पुन्हा पहिल्यासारखा होऊन पुढच्या किरणासाठी तयार असतो. मला तरी ही उडी सगळ्या रसायनशास्त्रातली फार देखणी गोष्ट वाटते.

अडचण अशी, की तेल तापवलं की आम्लाचा गट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. उरतं ते कार्डानॉल. रंग, ब्रेकचं अस्तर यांसाठी ते उत्तम, पण उडी मारायला शेजारी जागाच नसल्याने ऊन झेलण्यात कच्चं.

2019 मध्ये जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठातले चार्ल्स डी कोनिंग आणि जर्मनीतल्या माइंत्स विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी काजूच्या टरफलातल्या द्रव्यांपासूनच अतिनील किरण शोषणारे नवे रेणू प्रयोगशाळेत घडवले. कच्चा माल खनिज तेलाऐवजी झाडाच्या टाकाऊ भागातून घ्यायचा, हा त्यामागचा विचार. काही जुन्या सनस्क्रीन द्रव्यांमुळे प्रवाळाला धोका असल्याची चिंता आहेच. हवाई बेटांनी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर 2021 पासून बंदी घातली.

प्रयोगशाळेतला रेणू आणि तोंडाला लावायचं क्रीम यांत अंतर मोठं आहे. भाजणारा एक थेंबही त्यात उरता कामा नये, अ‍ॅलर्जी तपासावी लागते, उन्हात रेणू किती वेळ टिकतो ते मोजावं लागतं. म्हणून टरफलाचं तेल कुणी घरी अंगाला लावून बघू नका. झाडाचं आहे म्हणून ते सौम्य, असं बिबा उतलेला माणूस तरी म्हणणार नाही.

आपल्याकडे टाकाऊ माल आणखीही आहे. भाताच्या कोंड्यात आणि उसाच्या चोयट्यात फेरुलिक आम्ल असतं. हे नाव हिंगाच्या झाडाच्या शास्त्रीय नावावरून, फेरुला, आलेलं. तेही अतिनील किरण शोषतं, त्वचेच्या क्रीममध्ये वापरलंही जातं. चोयट्यातलं लिग्निन, म्हणजे झाडाला ताठपणा देणारं द्रव्य, तेही ऊन अडवतं, पण त्याचा तपकिरी रंग क्रीमला चढतो.

तरी माझा जीव काजूत जास्त गुंततो. आम्लाचा तो गट शाबूत हवा असेल, तर तेल कढवण्याआधीच द्रव्य वेगळं काढायला हवं. हे काम दूरच्या शहरात कशाला? टरफलाचा ढीग जिथे पडतो, तिथे खानापूर-चंदगडच्या शेडमागेच त्याची सुरुवात व्हावी. तेल काढायला बसणाऱ्या बाईच्या हातात मात्र पहिल्या दिवसापासून जाड रबरी मोजे असावेत, आणि त्यांचा खर्च तिच्या पगारातून कापू नये.